रक्तातला आणि दुधातला

स्कोला बाजारातून परत आली तेव्हा तिचा सगळा संसार वाटेवर पडला होता. पातेली, चटई, पोरीचं पांघरूण, तिनं स्वतः विणलेल्या बिलुम पिशव्या, आणि त्यांच्या बाजूला दवाखान्यातली गोळ्यांची बाटली, झाकण निघालेली. निम्म्या गोळ्या चिखलात होत्या. दारात तिचा नवरा गिग्माय हाताची घडी घालून उभा होता. मागं त्याचा थोरला भाऊ डेकेनाय, एवढ्या अंगाचा की दार दिसतच नव्हतं.

"हे काय चाललंय?" स्कोलानं विचारलं. खांद्यावरच्या तीन वर्षांच्या रुफिनाला तिनं खाली उतरवलं नाही.

"तुझं सामान आहे. उचल आणि माहेरची वाट धर," गिग्माय म्हणाला. "पोरगी इथं ठेव."

"सकाळी माझ्या हातची रताळी खाऊन गेलास की रे. मधल्या वेळात डोक्यावर पडलास काय?"

"तोंड चालवू नको. मला सगळं कळलंय. तुझ्या अंगात दोन तऱ्हेचे जंतू निघालेत. रक्तात एक आणि दुधात दुसराच. एक माझा, मान्य. दुसरा कोणाचा, ते सांग."

स्कोलाला आधी अर्थच लागला नाही. जंतू म्हणजे एचआयव्ही, तो दोघांनाही होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. कळलं ते रुफिनाच्या वेळी. त्याआधी गिग्माय लांबच्या प्रांतात सोन्याच्या खाणीवर होता, महिनोन्‌महिने तिकडंच असायचा. स्कोला इथं चिंबू प्रांतातल्या डोंगरात रताळी लावत, कॉफी तोडत राहायची. कळा सुरू झाल्यावर ती मिशनच्या दवाखान्यात गेली आणि तिथं तिची पहिल्यांदा तपासणी झाली. नर्सनं निकाल सांगितला तेव्हा पोटात अशी कळ येत होती की रडायलाही सवड मिळाली नाही. तिला लगेच गोळ्या चालू केल्या, जन्मल्याबरोबर पोरीला औषधाचे थेंब दिले. पोरगी सुटली. नंतर कितीदा तपासली, कोरीच निघाली. गिग्मायच्या तपासणीत मात्र जंतू निघाला. कुठून आणलास, हे स्कोलानं त्याला विचारलं नाही. उत्तर दोघांनाही माहीत होतं, आणि पोरगी वाचली होती, तेवढ्यावर तिनं तोंड बंद ठेवलं.

आणि दुधाचं म्हणाल तर, बाळंत झाल्यावर दवाखान्याच्या बाजूच्या संशोधन केंद्राची माणसं तिच्या खाटेपाशी आली होती. आईच्या दुधातून हा रोग लेकराकडं कसा जातो ते आम्ही शोधतोय, थोडं रक्त द्या, थोडं दूध द्या, म्हणाली. नाव कुठं येणार नाही, नळीवर नुसता आकडा असेल. स्कोलानं दिलं. पहिलं पिवळं दूध पोरीच्या आधी तिनं त्यांच्या नळीत पिळलं, कारण त्यामुळं दुसऱ्या कुणाचं लेकरू वाचेल असं त्यांनी सांगितलं होतं.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"हेरिकनं. आता तोही खोटा म्हण."

हेरिक म्हणजे गिग्मायच्या मामाच्या गावचा, एका बोलीचा, त्यामुळं भावासारखाच. तो केंद्रात नोकरीला होता. अभ्यासातल्या बायकांना घरून आणायचं, त्यांच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे त्याचं काम. आणि त्यानं हे पत्ते कुटता कुटता सांगितलं होतं, सुपारीची पिचकारी मारत, चार जणांच्या देखत.

स्कोलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आधी खाली बसली आणि चिखलातल्या गोळ्या वेचू लागली. एकेक गोळी ब्लाऊजच्या टोकाला पुसायची आणि बाटलीत टाकायची. त्या गोळ्यांवर तिचा जीव होता, आणि तिच्या जिवावर रुफिनाचा.

"पोरगी ठेव म्हटलं ना," डेकेनाय पुढं आला.

"हात लावून बघ," स्कोला न उठताच म्हणाली. "बोटं शाबूत राहिली तर सांग."

डेकेनाय थांबला. तेवढ्यात वाटेवर माणसं जमायला लागली होती, आणि बाईच्या अंगाशी झटताना त्याला कुणी बघावं असं त्याला वाटत नसावं. "गावकोर्टात बघू," एवढं म्हणून तो मागं सरला.

त्या दिवसापासून ती वेरोनाकडं राहिली. वेरोना विधवा होती, बाजारात शेंगदाणे विकायची, आणि तिच्या तोंडाला सगळे टरकून असत. बातमी स्कोलाच्या आधीच बाजारात पोचली होती. स्कोलानं नेहमीच्या जागी गोणपाट अंथरून पालेभाजी मांडली, तर गिऱ्हाईक समोर यायचं, तिचं तोंड बघायचं आणि शेजारणीकडं वळायचं. रोग झालाय हे आजवर घरच्यांनाच माहीत होतं. आता रोगही माहीत झाला आणि वर तिच्या नावाला दुसरा पुरुष चिकटला. तो कोण, यावर पैजा लागल्या होत्या. कुणी गाडीच्या ड्रायव्हरचं नाव घेई, कुणी शाळेच्या मास्तरचं. मास्तरची बायको तर येऊन थुंकून गेली.

"अगं, त्या मास्तरला धड चढ चढवत नाही," वेरोना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तो काय भानगडी करणार!"

बाया हसल्या. स्कोलाला हसू आलं नाही. तिनं भाजी गोळा केली, रुफिनाला वेरोनाच्या मांडीवर ठेवलं आणि तशीच केंद्राकडं निघाली.

हेरिक आवारातच सापडला, हातात नळ्यांची थंड पेटी घेऊन.

"वहिनी! इकडं कुठं?"

"वहिनी म्हणू नकोस. माझ्या नवऱ्याला काय सांगितलंस?"

हेरिकनं इकडं तिकडं पाहिलं. "हळू बोल गं. मी वाईट काही बोललो नाही. मीटिंगमध्ये पडद्यावर एक चित्र दाखवलं होतं, झाडासारखं. तुझ्या आकड्यासमोर दोन फांद्या होत्या, एक रक्ताची, एक दुधाची. तुझा आकडा माझ्या लक्षात होता, नळ्या मीच नेल्या होत्या ना. मी आपलं गंमत म्हणून सांगितलं."

"गंमत?"

"म्हणजे विज्ञानाची गंमत."

"माझं दूध तुमच्या पत्त्यांच्या डावातली गंमत होय रे?" स्कोलाचा आवाज चढला. "तुझ्या बायकोचं नेलंस का तिथं कधी? तुझ्या आईचं? तिच्याबद्दल सांग की चार जणांत गंमत!"

गेटवरचा पहारेकरी धावत आला. खिडक्यांतून डोकी बाहेर निघाली. मग प्रयोगशाळेचं दार उघडून एक बुटकी, केस बारीक कापलेली बाई बाहेर आली. ती डॉक्टर पोमात. मानुस बेटावरची, समुद्राकाठची. इतकी वर्षं इथं काढूनही डोंगरातल्या थंडीत दोन स्वेटर घालणारी. दुधावरचं संशोधन तिचंच होतं. तिनं पहारेकऱ्याला हातानंच थांबवलं आणि स्कोलाला आत नेलं.

स्कोलानं सगळं सांगितलं. डॉक्टरबाईचा चेहरा उतरत गेला. मग ती हळूच म्हणाली, "हे फार वाईट झालं. चौकशी समिती नेमावी लागेल. हेरिकवर कारवाई होईल. थोडा वेळ लागेल, पण..."

"मला समिती नको. गावकोर्टात माझी पोर काढून घेणार आहेत. तुम्ही तिथं या आणि खरं काय ते सांगा."

"मला नाही येता येणार. तुझी माहिती गुप्त आहे. मी गावात जाऊन तुझ्याविषयी बोलले तर तो नियमाचा भंग होईल."

स्कोला तिच्याकडं बघतच राहिली. मग असं हसली की डॉक्टरबाई दचकली.

"गुप्त? डॉक्टरबाई, बाजारात माझ्या भाजीला कुणी हात लावत नाही. मास्तरची बायको माझ्यासमोर थुंकते. डेकेनायच्या डुकरांनासुद्धा माहीत असेल. सगळ्या चिंबूत आता हे फक्त तुमच्या या खोलीतच गुप्त राहिलंय! जीभ सैल सोडताना नियम नव्हता, आणि माझी अब्रू वाचवायची वेळ आली की नियम आठवतो?"

डॉक्टरबाईनं टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

"एवढं तरी सांगा," स्कोला म्हणाली. "दोन आहेत, हे खरं का?"

"वेगळे दिसतात, हे खरं. पण त्याचा अर्थ तो म्हणतो तसा नाही. अजिबात नाही."

"मग तसा नाही म्हणून तिथं येऊन सांगा. परवानगी मी देते. रक्त माझं, दूध माझं, नाव माझं. आणखी कुणाची परवानगी लागते?"

"ब्रिस्बेनला विचारावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाली, आणि म्हणताना तिलाच लाज वाटली असावी, कारण तिनं मान खाली घातली. केंद्राचा मोठा साहेब ब्रिस्बेनला असायचा.

"विचारा," स्कोला उठली. "माझं दूध तिकडं न्यायचं होतं तेव्हा मला विचारलंत. आता माझ्या पोरीसाठी त्याला विचारा."

कोर्ट भरलं ते गावाच्या मोकळ्या मैदानात, सुरूच्या झाडांखाली. एका बाजूला गिग्मायचे लोक, दुसऱ्या बाजूला स्कोलाचे दोन भाऊ पलीकडच्या खोऱ्यातून आले होते ते. वेरोना रुफिनाला घेऊन मुद्दाम मधोमध बसली होती. मॅजिस्ट्रेट मोंडो म्हातारा होता, डोक्याला लोकरीची टोपी, कोर्टाचा बिल्ला स्वेटरला टाचलेला. त्याला जमिनीची भांडणं सोडवायची सवय होती. असलं भांडण त्याच्यापुढं पहिल्यांदाच आलं होतं आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं.

डेकेनाय आधी बोलला. आमच्या भावानं लग्नात हिच्यासाठी डुकरं मोजून दिली, हिनं त्याच्या माघारी दुसरा केला, आमच्याकडं पुरावा आहे आणि तोही शास्त्राचा, लेकरू आमच्या कुळाचं आहे ते आम्हाला मिळालंच पाहिजे. मग हेरिकला उभं केलं. आपण चित्रात दोन फांद्या पाहिल्या, एवढंच तो बोलला आणि खाली बसला.

"तुझं काय म्हणणं आहे, पोरी?" मोंडोनं विचारलं.

"काका, मी दुसरा केलेला नाही. पहिल्यानंच एवढं दिलं की दुसऱ्याची हौस राहिली नाही." बायांच्या बाजूला खसखस पिकली. स्कोलाचा चेहरा तसाच होता. "नवरा खाणीवर गेला, मी इथं राहिले. त्याच्या आईचं शेवटचं दुखणं मी काढलं. मी कुठं जायची ते सगळ्या गावाला दिसायचं, कारण माझ्या पाठीवर कायम ह्याच्या घरची रताळी असायची. हा तिकडं कुठं जायचा, ते कुणाला दिसलं? ते कुणी विचारलं?"

"विषय बदलू नको!" गिग्माय ओरडला. "दोन कसे आले ते सांग!"

त्याच वेळी रस्त्यावर गाडी थांबली. केंद्राची पांढरी गाडी नव्हती, बाजारची माणसं भरून नेणारी होती. कॉफीच्या पोत्यांवरून डॉक्टर पोमात खाली उतरली, स्वेटरला भुसा लागलेला, चपलेचा पट्टा तुटलेला. तिला केंद्रानं गाडी दिली नव्हती. साहेबानं फोनवर 'जाऊ नकोस' असं स्वच्छ सांगितलं होतं. हे स्कोलाला नंतर कळलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं की बाई आली.

डॉक्टरबाई सरळ स्कोलापाशी गेली. "सगळ्यांसमोर बोलू?"

"बोला. काही मागं ठेवू नका."

डॉक्टरबाईनं बोलायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात माती खाल्ली. विषाणूची जनुकं, त्यांच्या नकला, शरीरातले वेगवेगळे कप्पे, असं काहीबाही ती सांगू लागली. लोक सुपारी चघळत तिच्याकडं बघत राहिले. डेकेनाय मोठ्यानं जांभई देऊन म्हणाला, "हिलाही पढवून आणलंय."

"बाई," मोंडो म्हणाला, "मी शाळेत गेलेलो नाही. मला समजेल असं सांगा, नाहीतर या उन्हात आम्हाला बसवू नका."

डॉक्टरबाईनं समोरच्या डोंगराकडं बघितलं, मग मोंडोकडं.

"काका, त्या डोंगरापलीकडं कोण राहतं?"

"आमचेच. माझ्या पणजोबाचा धाकटा भाऊ तिकडं गेला. त्याचा वंश."

"ते बोलतात ते तुम्हाला कळतं?"

"कळतं थोडं," मोंडो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. "पण काय ती भाषा! गाणं म्हटल्यासारखं बोलतात. आमचा एक शब्द घेतात आणि त्याचा पार चेंदा करतात."

"कुणी शिकवलं त्यांना तसं बोलायला?"

"कुणी कशाला शिकवायला पाहिजे? पिढ्या झाल्या. तिकडं आपापसात बोलले, आपोआप बदललं."

"मग आता मला सांगा. तुमची भाषा वेगळी, त्यांची वेगळी. म्हणजे तुमच्या पणजोबाच्या आईनं दोन नवरे केले होते का?"

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुरुषांत एकदम कालवा उठला. कुणी शिवी हासडली, कुणी उठून उभं राहिलं. आणि बायका हसायला लागल्या. वेरोना तर मांडी थोपटत हसली. मोंडोचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"बसा खाली," तो आपल्या लोकांवर खेकसला. "बाई बरोबर विचारतेय. पुढं बोला, बाई."

"हा जंतू तसाच आहे, काका. अंगात एकदाच शिरतो. पण त्याची पोरं फार, आणि प्रत्येक पोर थोडं चुकीचं निपजतं. काही रक्तात राहतात, काही छातीत दुधापाशी जाऊन राहतात. तिथं ती आपापसातच वाढतात, रक्तातल्यांशी फारसं येणंजाणं राहत नाही. मग त्यांचं वळण वेगळं होतं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेली तर तिथं आणखी वेगळं. पुरुषाच्या धातूतही असंच होतं." तिनं गिग्मायकडं बघितलं, पण थांबली नाही. "हेरिकनं दोन फांद्या बघितल्या, खरं आहे. त्या एकाच बुंध्यातून निघालेल्या होत्या, ते त्यानं बघितलं नाही. दोन माणसांकडून आले असते तर दोन वेगळी झाडं दिसली असती. हे एक झाड आहे. मी स्वतः तपासलंय. हिच्या अंगात एकदाच आला आणि एकाकडूनच आला."

स्कोलाला वाटलं होतं की हे ऐकून छाती हलकी होईल. पण तिला उलट जास्तच राग आला. एवढं साधं होतं तर! एवढं साधं, की म्हाताऱ्या मोंडोला चार वाक्यांत कळलं. आणि तेवढ्यासाठी तिचं सामान वाटेवर पडलं होतं, पोरगी जायची वेळ आली होती.

"मग कुणाकडून आला," मोंडोनं सावकाश विचारलं, "तेही तुमच्या यंत्रात दिसतं का?"

सगळ्या माना गिग्मायकडं वळल्या. गिग्माय जमिनीकडं बघत होता.

"मी सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाली. "या कामाचा वापर मी त्यासाठी होऊ देणार नाही. आज एकीला त्यातून सोडवायचं म्हणून आले, दुसऱ्याला त्यात अडकवायला नाही. आणि खरं सांगायचं तर मला माहीतही नाही. त्याचं रक्त आम्ही अभ्यासाला घेतलेलंच नाही."

"का नाही घेतलं?" स्कोला एकदम बोलली.

डॉक्टरबाई तिच्याकडं वळली.

"का नाही घेतलं, डॉक्टरबाई? माझं रक्त घेतलंत, दूध घेतलंत. वेदना थांबल्या नव्हत्या तेव्हा घेतलंत. आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी बायांचं घेतलंत. यांच्यातल्या एकाचा तरी थेंब घेतला? रोग काय दुधातून उगवतो? दुधात तो आणून कुणी टाकला, ते बघावंसं नाही वाटलं कुणाला? सगळ्या जगाला कळेल असं चित्र काढलंत ते माझ्या अंगाचं. हा इथं हाताची घडी घालून उभा राहतो आणि मला विचारतो, दुसरा कोणाचा! कारण ह्याच्या अंगाचं चित्रच नाही कुठं. ह्याला कुणी काही विचारूच शकत नाही!"

बायकांतली एक म्हातारी, जिचा स्कोलाशी कधी संबंध आला नव्हता, म्हणाली, "बरोबर बोलते." मग दुसरी म्हणाली.

"आयांचा अभ्यास होता," डॉक्टरबाई म्हणाली. "बापांना घ्यायचं आमच्या मनातच आलं नाही. तुझं खरं आहे."

मोंडोनं निकाल द्यायला फार वेळ घेतला नाही. पोरगी आईकडं राहील. गिग्मायनं बायकोवर खोटा आळ घेतला म्हणून तिच्या भावांना एक डुक्कर द्यावं. आता दोघांनी हात मिळवावा आणि घरी जावं.

गिग्माय पुढं आला आणि त्यानं हात पुढं केला.

"नाही," स्कोला म्हणाली.

"पोरी, कोर्टानं सांगितलंय," मोंडो म्हणाला.

"काका, तुमचा मान राखते. पण भावांना डुक्कर कशाला? अब्रू त्यांची गेली? भरपाई मला पाहिजे, माझ्या हातात. आणि यानं एकट्यानं नाही. ज्या केंद्रातून ही गोष्ट बाहेर आली, त्या केंद्रानंसुद्धा डुक्कर द्यायचं. त्यांच्या माणसानं माझं नाव घालवलं. आणि हेरिकनं बाजाराच्या दिवशी बाजारात उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं की मी खोटं पसरवलं. पत्ते कुटताना आवाज निघाला, तेव्हाही निघेल."

"केंद्राकडून डुक्कर?" डेकेनाय फिसकन हसला. "ते गोऱ्यांचं ऑफिस आहे, बाई."

"मग? गोऱ्यांच्या ऑफिसात माझं दूध चालतं, आमचा रिवाज चालत नाही?"

मोंडोनं डॉक्टरबाईकडं बघितलं. डॉक्टरबाई म्हणाली, "मी विचारते. मिळालं नाही तर माझ्या पगारातून आणीन."

"तुमच्या पगारातून नको," स्कोला म्हणाली. "तुम्ही पोत्यांवर बसून आलात. ज्यानं येऊ नको म्हटलं, त्याच्याकडून आणा."

हे कोडं केंद्राला महिनाभर सुटेना. डुक्कर कुठल्या खर्चात दाखवायचं यावरून म्हणे ब्रिस्बेनपर्यंत बोलणी झाली. शेवटी मोंडोनं निरोप पाठवला की डुक्कर आलं नाही तर या खोऱ्यातली एकही बाई तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही, मी टाकू देणार नाही. त्यानंतर आठवड्यात पांढरी गाडी आली. मागं दोरीनं बांधलेलं डुक्कर ओरडत होतं आणि पुढं मोठा साहेब स्वतः बसला होता, उन्हानं लाल झालेला, गुडघ्यावर टोपी.

हेरिक त्याच्या आधी बाजारात बोलून गेला होता. मान वर न करता बोलला, पण बोलला. त्याला नोकरीवरून काढलं नाही. दुसऱ्या प्रांतातल्या कार्यालयात बदली केली. हे ऐकून वेरोनानं अशा शिव्या दिल्या की शेंगदाणे घ्यायला आलेला पाद्री परत गेला. स्कोलाही संतापली. बदली ही शिक्षा होत असेल तर तिथल्या बायकांनी काय केलंय, असं तिनं डॉक्टरबाईला विचारलं. डॉक्टरबाईनं ते वर कळवलं. वरून काही उत्तर आलं नाही.

डुक्कर खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजलं, रताळी आणि पाल्याबरोबर. गिग्मायनं दिलेलंही त्याच दिवशी कापलं. कापायचा मान पुरुषांचा, पण वाटायचं काम स्कोलानं स्वतःकडं घेतलं. आधी वेरोनाला, मग कोर्टात 'बरोबर बोलते' म्हणालेल्या म्हातारीला, मग केंद्रात दूध दिलेल्या सगळ्या बायांना. मास्तरची बायको लांब उभी होती. तिलाही एक तुकडा पाठवला, कारण फसवली तीही गेली होती. डेकेनाय केळीचं पान हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला स्कोलानं आतडी दिली.

साहेब हसतमुखानं जवळ आला. त्याच्या बरोबरच्या पोरीच्या हातात कॅमेरा होता. साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि डॉक्टरबाईनं नाखुशीनं सांगितलं, "तुझ्याशी हात मिळवतानाचा फोटो हवाय त्यांना. समेट झाला, असं दाखवायला."

"त्यांना सांगा, जेवा," स्कोला म्हणाली. "पाहुणे आहेत, उपाशी पाठवणार नाही. पण फोटो नाही. दर वेळी माझं काहीतरी घेऊनच जायचं असतं का यांना?"

डॉक्टरबाईनं सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं असावं, कारण साहेबाचं हसू मावळलं आणि कॅमेरा पिशवीत गेला. तो गवतावर बसून मुकाट्यानं जेवला.

निघताना डॉक्टरबाईनं स्कोलाला बाजूला घेतलं. नवा अभ्यास सुरू करतोय, म्हणाली, या वेळी नवरा-बायको दोघांनाही घेणार, मी भांडून तेवढं मिळवलंय. तू येशील का?

स्कोलानं विचार केला. तिला ती दुसऱ्या कुणाची तरी लेकरं आठवली, ज्यांच्यासाठी तिनं पहिलं दूध दिलं होतं. त्यांचा तर काही दोष नव्हता.

"आधी पुरुषांना बोलवा," ती म्हणाली. "ते येऊन देऊन जाऊ देत. मग मला निरोप धाडा."

पुरुष फारसे आले नाहीत. पहिल्या महिन्यात तर कुणीच नाही. स्कोला निरोपाची वाट बघत बसली नाही. तिनं वेरोनाच्या घरामागं उतारावर भावांकडून एक खोली बांधून घेतली, खाली रताळ्याचे वाफे घातले. गिग्माय एकदा त्या उतारावर येऊन उभा राहिला. घरी चल, म्हणाला, झालं गेलं सोडून दे.

"काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग," स्कोलानं वाफ्यातूनच विचारलं. "खाणीपासून सांग. मग बघू."

तो थोडा वेळ पायानं माती उकरत राहिला आणि निघून गेला. स्कोला कुदळ उचलून पुढच्या वाफ्याकडं वळली. रुफिना वरून ओरडून सांगत होती की कोंबड्या रोपांत शिरल्यात.